थकलेल्या मर्दाला ताकद विकणारे

रेल्वे स्टेशनबाहेरची भिंत, एसटी स्टँडवरच्या मुतारीचं दार, आठवडी बाजारातला जडीबुटीचा तंबू आणि आता हातातल्या मोबाईलचा पडदा. दुकानं बदलली, माल तोच राहिला. मर्दानगी. पूर्वी ती शिलाजीत, कुश्ता, माजून अशा नावांनी पुडीत किंवा बरणीत मिळायची. आता ती ‘टेस्टो बूस्टर’ लिहिलेल्या काळ्या डब्यात मिळते, नाहीतर जिमच्या मागच्या खोलीत इंजेक्शनमधून. विकणाऱ्याचं वाक्य मात्र बदललेलं नाही. तू थकलायस, कारण तुझ्यातला मर्द कमी झालाय.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून तर माल खपतो. आपल्या वस्त्यांमधला पुरुष खरंच थकलेला आहे. तिशीत ढेरी सुटलेली, दुपारी डोळे मिटू लागलेले, रात्री झोप नाही, घरात चिडचिड, बायकोशी अबोला. दुसरा अर्धा भाग मात्र बहुतेकांच्या बाबतीत उलटा आहे. मर्द कमी झाला म्हणून थकवा आला असं होत नाही. थकवा, जागरण, कर्ज, भीती आणि वाढलेलं पोट यांनी आधी शरीराला घेरलेलं असतं आणि टेस्टोस्टेरॉन त्यानंतर खाली येतं. परिणामाला कारण म्हणून विकायचं, एवढाच या धंद्याचा डाव आहे.

हा धंदा फक्त आपल्याकडचा नाही आणि फक्त अडाण्यांचाही नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, वयाच्या ७२व्या वर्षी, कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटतंय असं विद्वानांच्या सभेत जाहीर केलं. बघता बघता असले अर्क विकायला आले. पुढे लक्षात आलं की त्या पाणीदार अर्कात टेस्टोस्टेरॉन जवळपास नव्हतंच. वृषण ते साठवून ठेवत नाहीत, तयार झालं की रक्तात सोडून देतात. म्हाताऱ्या प्रोफेसरांना जे बळ जाणवलं ते त्यांच्या विश्वासाचं होतं. टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आलं ते १९३५ मध्ये, आणि त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. म्हणजे बाजार आधी उभा राहिला आणि औषध ४६ वर्षांनी आलं.

आता जरा शरीराच्या आत बघू. फार खोलात जात नाही, पण एवढं कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन वृषणांत बनतं, पण हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो ठरावीक वेळाने पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी रक्तातून वृषणांकडे निरोप पाठवते आणि मग काम सुरू होतं. याच हायपोथॅलॅमसमधून दुसरा एक हुकूम निघतो. तोही पिट्युटरीमार्गेच जातो, पण मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे, आणि तिथून कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक रक्तात येतं. दोन्ही खात्यांचा साहेब एकच आहे, हे महत्त्वाचं. संकट आलं की साहेब कॉर्टिसॉलच्या फाईलवर सही करतो आणि टेस्टोस्टेरॉनची फाईल बाजूला सारतो. कॉर्टिसॉल रक्तात साखर सोडतं, रक्तदाब सांभाळतं, शरीराला तयार ठेवतं. वाढ, वंश, हौस या गोष्टी थांबतात. घराला आग लागली असताना कुणी लग्नाची पत्रिका छापायला जात नाही, तसंच. वर कॉर्टिसॉल स्वतःही वृषणांतल्या पेशींचा हात धरतं. उलट दिशेनेही थोडं चालतं, टेस्टोस्टेरॉन पुरेसं असलं की तणावाच्या यंत्रणेला जरा लगाम बसतो.

म्हणून कॉर्टिसॉल हा खलनायक ठरत नाही. ते नसेल तर माणूस मरतो. अ‍ॅडिसनच्या आजारात ते बनत नाही आणि रोज बाहेरून गोळ्या घ्याव्या लागतात. सकाळी आपण अंथरुणातून उठतो ते कॉर्टिसॉलची लाट उठवते म्हणून. पहाटेपासून ते चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वात वर जातं आणि मग दिवसभर उतरत रात्री तळाला येतं. बिघाड होतो तो ते उतरायचं थांबल्यावर. हे सांगायचं कारण असं की आता मोबाईलवर ‘कॉर्टिसॉल धुऊन काढणारे’ चहा आणि चूर्णंही दिसू लागली आहेत. एका पारड्यात घालायचा माल विकून झाला, आता दुसऱ्या पारड्यातला उतरवण्याचेही पैसे. अश्वगंधेवर काही लहान, थोड्या आठवड्यांचे अभ्यास झाले आहेत आणि त्यांत कॉर्टिसॉल थोडं उतरलेलं दिसतं, पण काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. रात्री १ वाजता मोबाईल बघत अश्वगंधा घेणाऱ्याला मी काय सांगावं!

इथे जुन्या हकिमांची बाजू मला घ्यावीशी वाटते. युनानी तिब्बमध्ये सेहत म्हणजे कुठल्या एका गोष्टीची रेलचेल नव्हती. दम, बलगम, सफरा आणि सौदा या चार खिल्तांचा एतिदाल, समतोल, म्हणजे सेहत. माणसाचा मिजाज त्यावरून ठरायचा, आणि ‘मिजाज कसा आहे’ हे आपण आजही विचारतो ते तिथूनच आलेलं. चार खिल्तांचा सिद्धान्त आज टिकत नाही, हे सरळ मान्य करायला हवं. पण त्याच परंपरेत ‘असबाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणून सहा गोष्टींची यादी आहे. हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल आणि आराम, मनाची हालचाल आणि आराम, झोप आणि जागरण, आणि शरीरातून काय बाहेर जातं नि काय राहतं. चांगला हकीम दवा देण्याआधी या सहांची चौकशी करायचा. भिंतीवरच्या हकिमाने सहाच्या सहा पुसून टाकल्या आणि फक्त फोन नंबर ठेवला.

तणावाने टेस्टोस्टेरॉन किती पडतं, याचा सर्वात टोकाचा पुरावा सैन्यातून मिळतो. अमेरिकी लष्कराच्या रेंजर प्रशिक्षणात धडधाकट तरुणांना सुमारे ८ आठवडे उपाशीपोटी, अर्धवट झोपेत, सतत दबावाखाली ठेवलं जातं. मोजणी केली तेव्हा या निवडक जवानांचं टेस्टोस्टेरॉन वृषण काढून टाकलेल्या माणसाच्या पातळीजवळ गेलेलं आढळलं. त्यांना कुणी इंजेक्शन दिलं नाही. पोटभर जेवण आणि झोप मिळू लागली तसं ते आपोआप वर चढलं.

आता याहून आपल्या जवळचं उदाहरण. २०११ मध्ये शिकागोत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास फक्त १० तरुणांचा होता, सरासरी वय २४, सगळे निरोगी. त्यांना आठवडाभर रात्री ५ तासच झोपू दिलं. दिवसातलं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. वाढत्या वयाबरोबर ते वर्षाला साधारण १ ते २ टक्के कमी होतं, हे लक्षात घेतलं तर एका आठवड्याच्या जागरणाने ते पोरगे या एका बाबतीत दहा वर्षांनी म्हातारे झाले. अभ्यास लहान आहे, त्यावर इमारत बांधू नये. पण मी ज्या गल्लीत वाढलो तिथे ५ तास झोप ही चैन होती.

ती गल्ली भिवंडीतली. लूमच्या खटखटाटात माझं बालपण गेलं. दोन पाळ्या, १२-१२ तासांच्या. एक आठवडा दिवसपाळी, दुसरा आठवडा रातपाळी. मजुरी मीटरवर, म्हणजे धागा तुटला, बीम संपला, वीज गेली तर कमाई बंद आणि काळजी चालू. रात्रपाळी करून आलेला कारीगर सकाळी ८ वाजता पत्र्याच्या खोलीत झोपायचा प्रयत्न करतो. बाहेर भोंगा, भाजीवाला, शेजारी दुसरा लूम. शरीराचं घड्याळ त्याला ‘ऊठ’ म्हणून कॉर्टिसॉल सोडत असतं आणि तो ‘झोप’ म्हणून डोळे मिटत असतो. ज्या झोपेत टेस्टोस्टेरॉन चढायला हवं ती झोपच तुकड्यातुकड्यांत विकलेली. आठवडा संपतो, शरीर जरा रुळतं, तोवर पाळी बदलते. मालेगाव, इचलकरंजी, कुठल्याही यंत्रमागाच्या गावात जा, चित्र फार वेगळं दिसणार नाही.

या माणसाला कुणी ‘स्ट्रेस’ आहे असं म्हणत नाही. तणाव हा शब्द आपण मोठ्या साहेबांसाठी राखून ठेवला आहे. प्रत्यक्षात उलटं आहे. १९६७ पासून लंडनमधल्या हजारो सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो प्रसिद्ध आहे. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वात खालच्या पायरीवरच्या शिपाई-निरोप्यांमध्ये सर्वात वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरेंचा हिशेब केला तरी फरक पूर्ण पुसला गेला नाही. पुढच्या टप्प्यात दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याला फार महत्त्व आहे. ज्याच्यावर हुकूम चालतो आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचं शरीर सतत सावध असतं. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिलं होतं की मुस्लिम कामगारांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारात आहे. हातगाडी, गॅरेज, शिलाई, रिक्षा. तिथे पगारी रजा नसते. आजारी पडलं की त्या दिवसाची कमाई गेली. त्यात नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं जाणं, बाहेरगावी जाताना टोपी घालावी की खिशात ठेवावी हा विचार, अफवेच्या रात्री मुलगा घरी येईपर्यंत दारात उभं राहणं. याचं रक्तातलं माप कुणी काढलं आहे असा माझा दावा नाही. पण सतत सावध राहणं शरीराला फुकट पडत नाही, एवढं तर वर सांगितलेल्या यंत्रणेवरूनच कळतं.

आणि हा हिशेब फक्त पुरुषांचा नाही. टेस्टोस्टेरॉन स्त्रियांच्या शरीरातही असतं, कमी प्रमाणात, अंडाशयांतून आणि अ‍ॅड्रिनलमधून येतं. मेंदूतला साहेबही तोच. परीक्षेच्या महिन्यात होस्टेलमधल्या मुलींची पाळी मागेपुढे होते, घरात मयत झाल्यावर बाईची पाळी चुकते, ते याच साहेबाने फाईल बाजूला ठेवल्यामुळे. फरक एवढाच की तिच्यासाठी भिंतीवर जाहिरात नसते. तिला म्हणतात, सबर कर.

टेस्टोस्टेरॉनभोवती जी मर्दानगीची गोष्ट रचली आहे तीही तपासायला हवी. फिलिपीन्समधल्या सेबू शहरात ६२४ तरुणांचा साडेचार वर्षं मागोवा घेतला गेला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. सुरुवातीला ज्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं ते लग्न करून बाप होण्याची शक्यता जास्त होती. पण बाप झाल्यावर त्यांचं टेस्टोस्टेरॉन झपाट्याने उतरलं, सकाळचं साधारण २६ टक्के आणि संध्याकाळचं ३४ टक्के. जे बाप रोज तीन तास किंवा जास्त लेकराला सांभाळत होते त्यांचं आणखी कमी होतं. हा आजार नव्हे. शरीर लेकरासाठी जागा करतं आहे. म्हणजे आकडा खाली आला की मर्द संपला, हे समीकरण इथेच मोडतं. मुलीला मांडीवर घेऊन झोपवणाऱ्या बापाला बूस्टर विकायला निघालेल्याची मला कीव येते.

दुसरा प्रयोग तर मला भलताच आवडतो. झुरिचमध्ये काही स्त्रियांना टेस्टोस्टेरॉनचा एक डोस किंवा नुसता बनावट डोस दिला आणि पैसे वाटून घेण्याचा खेळ खेळायला लावला. ज्यांना खरं टेस्टोस्टेरॉन मिळालं होतं त्यांनी समोरच्याला जास्त न्याय्य वाटा देऊ केला. पण आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळालंय असं ज्यांना वाटत होतं, मिळालेलं असो वा नसो, त्या जास्त आपमतलबी वागल्या. हा निष्कर्ष २०१० चा. म्हणजे दांडगाई संप्रेरकापेक्षा संप्रेरकाबद्दलच्या समजुतीतून जास्त आली. आपल्या मोहल्ल्यातल्या किती भांडणांना ही समजूत जबाबदार असेल, देव जाणे.

समजुतीवरून आठवलं, ‘छाती काढून, हात कमरेवर ठेवून दोन मिनिटं उभं राहा, टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि कॉर्टिसॉल उतरतं’ हा मंत्र अजून कित्येक व्याख्यानांत सांगतात. तो २०१० च्या एका छोट्या अभ्यासातून आला. २०१५ मध्ये जास्त लोकांवर करून पाहिला तर संप्रेरकांत काहीच फरक दिसला नाही आणि मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच २०१६ मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. व्याख्यात्यांपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.

आता इंजेक्शनकडे येतो, कारण डबे आणि मंत्र खिसा कापतात, इंजेक्शन घर मोडतं.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतला साहेब बघतो, रक्तात माल भरपूर आहे, मग कारखाना कशाला चालवायचा? तो हुकूम थांबवतो. वृषण काम बंद करतात, आकसतात आणि शुक्राणू बनणंही बंद पडतं. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० मध्ये निकाल आले. ७ देशांतल्या २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं आणि ६ महिन्यांच्या आत निम्म्याहून जास्त जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. ज्यांचे शुक्राणू शून्यावर आले त्यांच्या घरात पुढच्या काळात पाळणा जवळपास हललाच नाही. ते प्रयोगाला राजी झालेले लोक होते, त्यांना मूल नको होतं. आपल्याकडे हाच माल ‘बाप बनण्याची ताकद’ म्हणून टोचला जातो.

आमच्या मोहल्ल्यातला एक पोरगा, वय २६. लग्नाआधी जिममध्ये ट्रेनरने इंजेक्शनं सुरू केली, दंड फुगले, निकाहच्या फोटोत शेरवानी दंडावर ताणलेली. दोन वर्षं मूल नाही. तपासण्या कुणाच्या झाल्या? मुलीच्या. सोनोग्राफी, रक्त, नळ्या खुल्या आहेत का ते बघणारा एक्स-रे, मग दर्गाह, मग ताविज, मग सासूबाईंचे टोमणे, मग दुसऱ्या निकाहची कुजबुज. पोराची वीर्य तपासणी सर्वात शेवटी झाली, जी काही शे रुपयांत होते आणि जिच्यात काही दुखत नाही. शुक्राणू शून्य. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘जिममध्ये काही टोचून घेता का?’ इंजेक्शनं बंद केल्यावर महिनोन् महिने तो खचलेला होता, कारण बाहेरचा माल बंद आणि आतला कारखाना अजून सुरू व्हायचा होता. वर्षभराने आकडे परत आले. सगळ्यांचे इतक्या लवकर येतात असं नाही. त्या मुलीची माफी मात्र त्या घरात कुणी मागितलेली मी ऐकली नाही.

‘स्टिरॉइड’ या एका शब्दाखाली आपल्याकडे दोन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, तेही समजून घ्या. जिमवालं स्टिरॉइड टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातलं. झोलाछाप डॉक्टर सांधेदुखीला, दम्याला किंवा ‘तब्येत भरायला’ पुडीत बांधून देतो ते डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलच्या घराण्यातलं. दोन पारड्यांतले दोन माल. दुसऱ्याने चेहरा गोल होतो, वजन वाढतं, अम्मी म्हणते पोरगं सुधारलं, पण आतून स्नायू आणि हाडं झिजतात, साखर चढते, टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि अचानक बंद केलं तर जीवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं सोडलेलं असतं. डेक्सामेथासोन वाईट औषध नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीने सिद्ध केलं की ऑक्सिजनवरच्या कोरोना रुग्णांचे प्राण त्याने वाचतात. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी काळी बुरशीही बघितली, जिच्यामागे अनियंत्रित साखर आणि वारेमाप स्टिरॉइड ही जोडी होती. औषध तेच. कुणाला, किती आणि कधी, यात सगळं आलं.

कायदा नाही असं नाही. औषधे आणि जादुई उपचार यांच्या जाहिरातींवरचा कायदा १९५४ चा आहे. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला त्यात साफ मनाई आहे. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला तो हमदर्द दवाखाना, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांना माहीत असेल. न्यायालयाने जप्तीचं कलम आणि आणखी एक तरतूद रद्द केली, पण औषध विकण्यासाठी केलेली अशी जाहिरात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड लपू शकत नाही हे मूळ तत्त्व कायम ठेवलं. त्या निकालाला साठ वर्षं उलटली. स्टेशनबाहेरच्या भिंतीने तो वाचलेला नाही.

मग खरा आजार असतोच ना? असतो. लहानपणी नव्हे, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणांना सूज आलेली, पिट्युटरीवर गाठ, जन्मजात दोष, कर्करोगावरचे उपचार. अशा माणसाला टेस्टोस्टेरॉन देणं हे मधुमेह्याला इन्सुलिन देण्यासारखं आहे आणि त्याने लाजायचं काही कारण नाही. पण असे किती? युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत लक्षणं आणि आकडा दोन्ही जुळणारे फक्त २ टक्क्यांच्या आसपास निघाले. वजन वाढलं की चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, मधुमेहात ते खाली राहतं. अशांचं वजन आणि साखर उतरली की बऱ्याचदा आकडाही वर येतो. देशात १० कोटींवर मधुमेही आहेत, असं २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने सांगितलं. ‘ताकद कमी झाली’ म्हणून हकिमाच्या तंबूत शिरणाऱ्यांपैकी अनेकांनी आधी साखर तपासून घेतली तर त्यांचे डोळे आणि पायही वाचतील. लिंगाला ताठरता न येणं ही कधी कधी हृदयाच्या नळ्या आवळत चालल्याची पहिली खबर असते. ती खबर पुडीखाली दाबून टाकायची नसते.

तपासणी करायचीच तर सकाळी, १० च्या आत, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. संध्याकाळी ड्युटीवरून परतताना लॅबमध्ये हात पुढे केला तर आकडा कमीच येणार. रातपाळीच्या आठवड्यात नको. रमजानमध्ये रात्र बाजारात आणि दिवस अंथरुणात जात असेल तर तेव्हाही नको. रोज्याचा दोष नाही त्यात. संप्रेरकांचं घड्याळ झोपेबरोबर सरकतं आणि ईदनंतर पंधरा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. आणि मूल हवं असेल तर कुणीही कितीही सांगो, टेस्टोस्टेरॉन टोचून घेऊ नका. ज्यांना डॉक्टर देतात त्यांनाही ते तपासत देतात. २०२३ मध्ये पाच हजारांवर पुरुषांची चाचणी छापली गेली, सगळे आकडा कमी असलेले आणि हृदयाला धोका असलेले. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत ही चांगली बातमी, पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गाठ यांचं प्रमाण जास्त निघालं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालचं. ट्रेनरच्या देखरेखीखाली काय होत असेल!

एवढं सांगून झाल्यावर ऐकणारा विचारतो, ‘भाईजान, मग मी करू काय?’ इथे माझी जीभ अडखळते. आठ तास झोप, असं कुणालाही सांगता येतं. ज्याची पाळीच १२ तासांची आहे, जाण्यायेण्यात दीड तास, पाण्याच्या रांगेत अर्धा, त्याने ते आठ तास कुठून आणायचे? आरोग्याच्या सदरांत झोपेवर लिहिणारे कामाच्या तासांवर लिहीत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्यात प्रौढ कामगाराला दिवसाला ९ तासांची मर्यादा होती. यंत्रमागाच्या कित्येक शेडमध्ये ती कधी आलीच नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ही रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असंही सांगितलं गेलं.

ही बातमी मी आमच्या गल्लीतल्या एका जुन्या जॉबरचाचांना वाचून दाखवली. त्यांनी ४० वर्षं लूम दुरुस्त केलेत, कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने वाचली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, ‘बारा तास तर आमचे आधीपासून होतेच. सही मात्र कधी कुणी मागितली नव्हती.’